उपाशी गुडघा

आमच्या घरात गुडघा या विषयावर प्रत्येकाला मत आहे आणि माझं सोडून प्रत्येकाचं चुकीचं आहे. हे मी तोऱ्यात सांगत नाही, वैतागून सांगते. मी इस्पितळात फिजिओ आहे. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे, घोटे वाकवायचे आणि त्यांचे शिव्याशाप ऐकायचे, हा माझा धंदा. आणि एक दिवस असा जात नाही की कुणीतरी खुर्चीत टेकता टेकता मला शहाणपण शिकवत नाही, "काही नाही हो मॅडम, गुडघ्यातलं वंगण संपलंय." जसा काही गुडघा म्हणजे शिवणयंत्र! आणि एकदा वंगण म्हटलं की पुढचं ओघानं येतंच. हलवू नका, झिजेल. खाली उशी द्या. पडून राहा.

ते नुसतं वंगण नाही, ते जेवण आहे. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत पांढरा थर असतो, कूर्चा म्हणतात ती, तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. हृदय कितीही धडधडू दे, रक्त तिच्या आत पाऊल टाकत नाही. तिला साखर, प्राणवायू, डागडुजीचा माल, जे काही मिळतं ते सांध्यातल्या त्या चिकट पाण्यातून. आणि ते पाणीसुद्धा नुसतं भोवती साचून पुरत नाही. सांधा दाबला गेला की आतलं वापरलेलं पाणी बाहेर पडतं, सैल सुटला की ताजं आत शिरतं. म्हणजे हललात तर जेवलात. पडून राहिलात तर गुडघा भरल्या ताटाशेजारी उपाशी. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली आहे.

माझी ताई फरश्या बसवते. बाबा बसवायचे, त्यांच्यामागे सामान उचलत उचलत ती शिकली आणि त्यांच्याहून सरस निघाली. दोरी ताणून, गुडघे टेकून, मागे मागे सरकत ती समोरच्या भिंतीपासून दारापर्यंत येते, आणि दारात उठून उभी राहते तेव्हा तिच्यापुढची जमीन अशी सपाट असते की लेव्हल लावायची लाज वाटावी. कोपऱ्यातला तुकडा कापताना ती मोजपट्टी लावते ती निव्वळ घरमालकाच्या समाधानासाठी. मी तिच्यावर जितकी चिडते तितकंच तिचं कौतुक करते, फक्त कौतुक तिच्या पाठीमागे करते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. बाबांनी लहानपणीच माझं नाव मिरची पाडलं, ते अजून पुसलं गेलेलं नाही.

बाबा आता नाहीत. ताई आणि आई तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. त्या खोल्यांची जमीन बाबांनी ठिकठिकाणच्या उरलेल्या फरश्यांनी केली होती. एकीचा रंग दुसरीला जुळत नाही, पण एकही खचलेली नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि सुट्टीच्या दिवशी तिकडे जाते.

ताईच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा एका जागी साफ उडाली होती. नखाएवढी जागा, खाली उघडं हाड. सर्जनने त्या हाडाला बारीक भोकं पाडली. अशानं हाडातली मज्जा झिरपून वर येते, खड्ड्यात साकळते आणि तिचा हळूहळू नवा थर बनतो. तो थर कूर्चेच्या जवळपास जाणारा होणार, की जखमेच्या वणासारखा नुसता चिवट, ते पुढच्या दिवसांत त्याला खायला काय आणि कसं मिळतं त्यावर. भार टाकायचा नाही, पण गुडघा सतत दुमडायचा आणि उलगडायचा. त्यासाठी एक मशीन असतं. पलंगावर ठेवायचं, पाय त्यात पट्ट्यांनी बांधायचा, बटण दाबायचं. दिवसातला बराचसा वेळ ते घरघरत पाय वाकवत बसतं. सुरुवातीला जीव जातो माणसाचा, पण पर्याय नाही.

ते मशीन मी स्वतः लावून दिलं. आईला पलंगापाशी बोलावलं, भांडी घासायचा नवा स्पंज मागितला, बशीत पाणी घेतलं आणि दोघींना दाखवलं. स्पंज दाबला, सोडला, दाबला, सोडला. "हा ताईचा नवा थर. हे गुडघ्यातलं पाणी. आपण दाबलं-सोडलं तरच ह्याच्या पोटात काही जाणार."

आईने इतकं लक्ष देऊन ऐकलं की मला भरून आलं. माझ्या आयुष्यात तिनं माझं बोलणं मधे न तोडता ऐकल्याचं मला आठवत नाही.

"आणि नाही हलवलं तर?" तिनं विचारलं.

"तर तो उपाशी राहील. नीट धरणार नाही. आणि गुडघा आखडेल."

"म्हणजे चालता येणार नाही?"

"चालता येईल गं. पण मांडी घालता येणार नाही, उकिडवं बसता येणार नाही, गुडघा टेकता येणार नाही."

"बरं," आई म्हणाली आणि बशी उचलून मोरीकडे गेली.

पहिल्या आठवड्यात सगळं ठीक होतं. मी गेले तेव्हा ताई मशीनमध्ये पाय अडकवून पडली होती आणि तिच्या तोंडून बाबांनासुद्धा माहीत नव्हते असे शब्द बाहेर पडत होते. मला बरं वाटलं. शिव्या देणारा पेशंट व्यायाम करणारा असतो. आईने तिच्या उशाशी खाण्याचं दुकान मांडलं होतं. उकडलेली अंडी, दूध, सुका मेवा, हाडं उकळून केलेलं सूप, शेजारणीने आणून दिलेली कसलीतरी पांढरी पूड. "नवा थर बनतोय ना, माल लागेल," आई म्हणाली. मी हसले. म्हटलं, दे, खाल्लेलं वाया जात नाही, पण गुडघ्यापर्यंत पोचवणारा हमाल ते मशीनच आहे.

त्यानंतरच्या सुट्टीला मी गेले आणि ताईचा गुडघा हातात घेतला. त्यातला फरक सांगून कळायचा नाही. आठवड्यापूर्वी तो कुरकुरत का होईना पुढं जात होता. आता जात नव्हता. मी मशीनकडे पाहिलं. ते पलंगाच्या पायथ्याशी नीट पुसून ठेवलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मशीन लावतेस का?"

"लावते."

"किती?"

"सांगितलंय तेवढं," ताई म्हणाली, आणि वरून, "तुझ्यासारखं बोलायला काय जातं? पाय माझा आहे."

मी बोलायचं ते बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी जरा जास्तच सोडली ती. म्हटलं, बाबा ताप अंगात घेऊन गुडघ्यावर सरकले आणि तुला पलंगावर पडून मशीनला पाय देणं जड जातंय. म्हटलं, लाड करून घ्यायची हौस असेल तर तसं सांग, मी येणं बंद करते. ताईचा चेहरा बघता बघता दगड झाला. ती म्हणाली, "बंदच कर." आई मधे पडली, दोघींना गप्प केलं, मला दारापर्यंत सोडायला आली आणि पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तू नको मनाला लावून घेऊस. मी आहे ना. मी बघते तिच्याकडे."

मी आहे ना! नंतर हे शब्द आठवले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग ताई माझ्याशी बोलेना. फोन केला की आई उचलायची. मशीन चालू आहे का? चालू आहे. दुखतं का? दुखतं, पण करते. दे तिच्याकडे. झोपलीय, आत्ताच डोळा लागलाय. मी सुट्टीला जायचं टाळलं नाही, पण गेले की ताई भिंतीकडे तोंड करून पडायची आणि गुडघ्याला हात लावू द्यायची नाही. मी बाहेरच्या खोलीत आईबरोबर चहा घेऊन परत यायचे. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं. पण मला वाटलं, ते ताईच्या आळसात मुरतंय. इस्पितळात मी इतके आळशी पेशंट बघते की घरचाही एक निघाला याचं मला नवल वाटलं नाही, फक्त संताप आला. रात्रंदिवस तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते मी.

शेवटी सर्जनकडे दाखवायचा दिवस आला. मी रजा घेतली. ताई कुबड्यांवर, मी बाजूला, आणि आई मागे थर्मास घेऊन. थर्मासात सूप. सर्जनच्या खोलीत एवढी माणसं नकोत म्हणून आई बाहेर बाकावर बसली.

सर्जन कमी बोलणारा माणूस आहे. त्याने ताईचा पाय उचलला, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने पोटरी, आणि वाकवला. काटकोनाच्या कितीतरी अलीकडे पाय थांबला. त्याने पुन्हा वाकवला. पुन्हा तिथंच. मग तो माझ्याकडे न बघता ताईला म्हणाला, "मशीन रोज किती वेळ लावत होतात?"

"सकाळी एकदा," ताई म्हणाली. "चहा होईपर्यंत."

मला वाटलं, ही चेष्टा करतेय. सर्जनलाही तसंच वाटलं असावं. "चहा होईपर्यंत?"

"तेवढंच सांगितलं होतं ना."

"कोणी?"

"हिनंच," ताई माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली.

"मी?" मी अशी ओरडले की बाहेरची नर्स दार उघडून बघून गेली. "मी सांगितलं? तोंड सांभाळून बोल ताई. मी कधी सांगितलं तुला?"

"मला कुठं सांगितलंस? आईला सांगितलंस फोनवर. थर कोवळा आहे, जास्त हलवला तर सुटून येईल, तू सर्जनशी बोललीस, सकाळी एकदा लावा नि बाकी आराम करा. मला दुखत होतं, मी कशाला नाही म्हणू? आणि मग तूच रविवारी येऊन मला बाबांचे दाखले देतेस. मला वाटलं, सर्जनशी बोलून आराम ठरवायचा आणि मला मात्र आळशी म्हणायचं, हीच तुझी मजा."

एवढं सगळं खोटं, पण खोट्यातला प्रत्येक शब्द माझा वाटावा असा. कोवळा थर. सुटून येईल. शेजारणीला असलं सुचलं नसतं. जिला बशीत स्पंज बुडवून दाखवला होता तिलाच सुचलं असतं. ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला माझ्याही आधी कळलं. तिनं मान वळवून बंद दाराकडे पाहिलं.

सर्जनने घसा साफ केला आणि सांगायचं ते सांगितलं. आतले पदर एकमेकांना चिकटले आहेत. भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल, चिकटलेलं मोडावं लागेल, आणि दुसऱ्याच दिवसापासून मशीन, आता कुणाच्याही फोनवर न थांबवता. तोपर्यंत जेवढा वाकतो तेवढा घरी हाताने वाकवत राहा.

"आणि नवा थर?" मी विचारलं.

"जे दिवस तो तसाच पडून राहिला ते परत मिळत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. काहीतरी बनलं आहे. चालण्याफिरण्याला पुरेल."

"मला चालण्याफिरण्याचं काम नाही," ताई म्हणाली. "मी फरश्या बसवते."

"गुडघ्यावर दिवसभर काम करण्याचा शब्द मी देऊ शकत नाही," सर्जन म्हणाला. त्याचा आवाज हळू झाला, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण तो आवाज हळू कधी करतो ते मला ठाऊक आहे.

बाहेर आई उठून उभी राहिली. "काय म्हणाले? घोटभर सूप घे आधी."

मी तिथंच, त्या बाकापाशी, लोकांसमोर तिच्या अंगावर जाणार होते. ताईने कुबडीने माझा पाय दाबला. "घरी," ती म्हणाली. "इथं नाही."

टॅक्सीत मी पुढे बसले. मागे दोघी. आईने एकदा विचारलं, काय झालं, तुम्ही बोलत का नाही. मी काचेतून बाहेर बघत होते आणि माझे दात एवढे आवळले गेले होते की दुसऱ्या दिवशीही जबडा दुखत होता.

घरात शिरल्यावर मी दार लावलं आणि थर्मास आईच्या हातातून घेऊन ओट्यावर आपटला.

"मी तुला कधी फोन केला होता?"

आईने पायातल्या चपला काढल्या. जागेवर ठेवल्या. हात धुतले. मला वाटलं, आता नाही म्हणेल, रडेल, विसरले म्हणेल. त्यातलं काही तिनं केलं नाही. पलंगाच्या कडेशी स्टुलावर बसली.

"नव्हतास केला," ती म्हणाली. "मीच सांगितलं तिला तसं."

"का?"

"तू सांगितलंस ना, टेकता येणार नाही म्हणून. मला तेवढंच हवं होतं. तिला चालता यावं, जिने चढता यावेत, मंडईत जाता यावं. ओळखीच्या दुकानात गल्ल्यावर जागा आहे, तिथं खुर्ची आहे. खुर्चीत बसता यावं. फक्त गुडघा टेकता येऊ नये, बस्स. दुसरं मी काही मागितलं नाही."

"तू तिचा पाय अधू केलास!"

"मी पाय तोडला नाही. नुसता पुरता बरा होऊ दिला नाही."

"त्यात फरक काय? सांग ना, फरक काय त्यात? तोंडात अंडी नि दूध कोंबत होतीस आणि गुडघ्याला उपाशी मारत होतीस. माझं नाव घेऊन! मी शिकवलेलं सगळं उलटं फिरवून! ते सूप कशाला करत होतीस रोज? कुणाला दाखवायला?"

"दाखवायला नाही," आई म्हणाली, आणि इथं पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "बाकीची ती धडधाकट राहावी म्हणून. तुला काय माहीत गं, तू तर इस्पितळाजवळ राहायला गेलीस. तुझे बाबा शेवटी शेवटी ह्या जमिनीवर बुडानं सरकत मोरीपर्यंत जायचे. फरश्यांनी गुडघे खाल्ले होते, उभं राहणं नव्हतंच. मी काखेत हात घालून उचलायची, आणि दर वेळी ते मला म्हणायचे, माफ कर. नवरा आपल्याला दिवसातून इतक्या वेळा माफ कर म्हणतो, ऐकलंयस कधी? ते गेले त्याच वर्षी हिनं त्यांची थापी उचलली. मी पाया पडले हिच्या. आता सर्जननं नवं करून दिलं, तर ही जाऊन ते पुन्हा त्याच सिमेंटवर घासणार. एकदा उचललं मी माणूस. लेकीला उचलायची ताकद नाही माझ्यात."

खोटं कशाला बोलू, मला तिचं म्हणणं कळलं. सगळं कळलं, आणि कळल्यामुळे राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं. जिच्या कुशीत आपण वाढलो, जी आपल्याला ताप आला की उशाशी बसून राहायची, तिनं त्याच काळजीने, त्याच मायेने, शांत डोक्याने एवढं करावं! दररोज सकाळी चहा उकळला की ती मशीन बंद करत होती. दररोज पट्ट्या सोडून ताईच्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवत होती. आणि वर मला फोनवर, चालू आहे, चालू आहे. मला ती स्टुलावरून ओढून गदागदा हलवावीशी वाटली. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"तुझी भीती तू तुझ्याजवळ ठेवायचीस," मी म्हणाले. "तिच्या गुडघ्यात कशाला कोंबलीस?"

"मिरची, पुरे," ताई म्हणाली.

ती इतका वेळ दारापाशीच कुबड्यांवर उभी होती. तिनं पलंगापर्यंतचं अंतर कापलं, कुबड्या भिंतीला टेकवल्या, पाठीवर पडली आणि उजवा पाय आईच्या दिशेने सरकवला. सलवार गुडघ्याच्या वर ओढली. तिथं सुजेची चकाकी होती आणि मांडी वाळून दुसऱ्या पायाच्या निम्मी दिसत होती.

"आई, टाच धर."

आई हलली नाही.

"धर. सर्जन म्हणालेत, हातानं वाकवत राहा. मिरची रोज इथं राहणार नाही. घरात तू असतेस."

"मला नाही येत."

"ती शिकवेल. सगळं छान शिकवते ती."

मी आईचे हात धरले. एक टाचेखाली दिला, दुसरा गुडघ्यामागे. मी तिची मनगटं एवढी दाबली होती की माझी बोटं उमटली तिथं. "पाय उचल. मांडीकडे ने. हळू. हिसका द्यायचा नाही. अडलं की तिथंच धरून ठेवायचं, मग सोडायचं." पेशंटच्या नातेवाइकांना सांगते तसं सांगितलं. शब्द तेच.

आईने वाकवला. ताईच्या दातांतून श्वास निघाला आणि आईने पटकन हात काढले.

"दुखतंय तिला."

"दुखू दे," ताई म्हणाली. "धर पुन्हा."

आईने पुन्हा धरला. ताई छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं आणि ते दुखण्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली.

"विचारलं होतं," आई म्हणाली. "बाबा गेल्यापासून विचारतेय. सोडशील का, सोडशील का. दर वेळी हसून नाही म्हणायचीस."

"मग विचारून झालं होतं की, आई. उत्तर मिळालं होतं तुला."

आई खाली मान घालून पाय दुमडायला लागली. सरळ, परत दुमड. सरळ, परत दुमड. तिच्या कपाळावर घाम आला. मला तिच्या हातून तो पाय काढून घ्यावासा वाटत होता. माझे हात ते काम जाणतात, तिचे नाही. पण ताईने तिला सांगितलं होतं, मला नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

एका वेळी तिनं जरा जास्त रेटला आणि ती थांबली. तिच्या तळहातांना आतला अडसर लागला. मी ते रोज अनुभवते, म्हणून मला तिच्या तोंडावरून कळलं. ते स्नायूचं आखडणं नसतं, की पेशंटचं अंग चोरणं नसतं. पाय नुसता तिथं संपतो. आईने पुन्हा जरासा जोर दिला, पुन्हा तिथंच संपला, आणि तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ज्याची तिनं वाट पाहिली होती ते आता तिच्या हातात होतं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे सुटेल ना गं?" तिनं विचारलं.

नातेवाइकांना द्यायचं एक उत्तर माझ्याकडे तयार असतं. सुटेल, वेळ लागेल, धीर धरा. रोज देते मी ते, अनोळखी माणसांना देते.

"माहीत नाही," मी म्हणाले. "वाकव."